ताराराणी नुसती गरजत नव्हती

भावा, ताराराणीवरच्या तुझ्या चित्रकथेची पानं बघितली. चित्रं नादखुळा! पण तिसऱ्या चौकटीत मावळा चहा पितोय. 1700 सालात चहा कुठला रे? ताकाचा लोटा दे हातात. असली चूक खोडून निघते, माणूस चुकला तर अवघड. तुझी ताराराणी पानोपानी गरजतेय. राजाराम महाराज गेले तेव्हा ती पंचविशीत, पदरी लहानगा पोरगा, समोर औरंगजेब. एखादी चौकट बिनशब्दांची सोड की. आणि 1714 गाळू नको. पन्हाळ्यावर तिला कैदेत टाकलं ते सवतीच्या, राजसबाईच्या गटानं. पण राजसबाईला खलनायिका करू नको, तिलाही पोरगा होताच. संवाद आजीला मोठ्यानं वाचून दाखव. ती हसली तर फुगा पुसून टाक.