सीएनए होणार आहेस तर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटच्या, म्हणजे सीएनएच्या कोर्सबद्दल विचारलंस आणि मग आवाज खाली करून म्हणालीस, "मावशी, सांगलीला काय सांगू? आयाचं काम म्हणतील." सांगलीला खरं ते सांग. ज्यांना स्वतःची कूस बदलता येत नाही त्यांची कूस मी बदलते, असं सांग. ती वेळेवर बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमांनी माणूस दगावतो. मी हे काम इथे न्यू जर्सीत 14 वर्षं केलं आणि कधी कुणापासून लपवलं नाही.

आता कोर्सचं. 1987 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारनं नर्सिंग होमसाठी, म्हणजे म्हातारी-आजारी माणसं राहतात त्या संस्थांसाठी कायदा केला, त्यात नर्स एडला, म्हणजे सीएनएला, किमान 75 तासांचं प्रशिक्षण ठरवलं. राज्यं त्यात आपापली भर घालतात. आपल्याकडे न्यू जर्सीत 90 तास लागतात, 50 वर्गात आणि 40 प्रत्यक्ष नर्सिंग होममध्ये. तुझी कॅलिफोर्नियातली बहीण 160 सांगेल, तेही बरोबरच आहे. तू फक्त एवढं बघ, की ज्या वर्गाला पैसे भरणार तो राज्याच्या मान्यतेच्या यादीत आहे. इथल्या एडिसन गावात कुणी ओळखीनं स्वस्तात शिकवतो म्हणाला, तरी यादी आधी. आणि पैसे भरायच्या आधी दोन-तीन नर्सिंग होमना फोन कर. मेडिकेअर-मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमनं तुला कामावर घेतलं असेल किंवा कामाचा शब्द दिला असेल, तर कोर्सचा, पुस्तकांचा, परीक्षेचा खर्च ते तुझ्याकडून घेऊ शकत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे आपल्या कितीतरी बायका दागिने मोडून फी भरतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

लेखी परीक्षेची भीती नको. तुझं इंग्रजी पुरेसं आहे. खरी परीक्षा हातांची असते. समोर परीक्षक उभी असते आणि तू एकेक काम करून दाखवायचं: नाडी मोजणं, बेडपॅन देणं, कवळी धुणं, अंथरुणातून खुर्चीत बसवणं. पलंगाचं चाक लॉक केलं का, पडदा ओढला का, निघताना कॉल लाइट, म्हणजे मदतीला बोलवायचं बटण, हाताशी ठेवला का, हे ती बघत असते. हात धुताना बेसिनच्या आतल्या बाजूला बोट लागलं तर पुन्हा पहिल्यापासून धू. नळ कोरड्या, न वापरलेल्या कागदी रुमालानं बंद कर. चूक झाली तर गप्प राहू नकोस, "हे चुकलं, मी दुरुस्त करते" असं मोठ्यानं म्हण आणि दुरुस्त कर. नापास झालीस तरी निदान तीन वेळा संधी मिळते.

मी पहिल्यांदा नापास झाले होते. का, ते सांगते, कारण तूही तिथेच अडशील. आपल्या घरात सेवा म्हणजे म्हाताऱ्या माणसाला काडीही उचलू न देणं. आजीला आपण भरवतो, तिचे केस विंचरतो, तिच्या वतीनं बोलतोसुद्धा. परीक्षेत मी तेच केलं. तोंड पुसायला ओला रुमाल पेशंट झालेल्या बाईंच्या हातात देण्याऐवजी मीच पुसून मोकळी झाले, आणि पडदा न ओढताच कपडे बदलायला घेतले. मनात माया होती, पण त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. इथे आधी दार ठोठवायचं, नाव घेऊन हाक मारायची, काय करणार ते सांगायचं, आणि त्यांना जे जमतं ते त्यांनाच करू द्यायचं. बटण लावायला पाच मिनिटं लागली तर लागू देत. त्या पाच मिनिटांत बोटं चालतात. आपण रोज बटणं लावून दिली की महिन्याभरात ती चालेनाशी होतात. हे पटायला मला दोन वर्षं लागली. आठ-नऊ रेसिडेंट, म्हणजे नर्सिंग होममध्ये राहणारी माणसं, एकटीच्या वाट्याला आलेली असताना हात आवरणं फार कठीण असतं, तेही मला माहीत आहे.

पास झाल्यावर तुझं नाव राज्याच्या रजिस्ट्रीवर, म्हणजे सीएनएंच्या सरकारी नोंदवहीत, चढेल. ते टिकवणं वेगळं काम आहे. सलग 24 महिने पगारी काम झालं नाही की सर्टिफिकेट जातं आणि परीक्षा, कधी कोर्सही, पुन्हा. माझं असंच गेलं. आईला अर्धांगवायू झाला म्हणून मी मिरजेला गेले आणि अडीच वर्षं राहिले. रोज तिला उठवलं, बसवलं, आंघोळ घातली, इथे शिकलेलं सगळं तिथे उपयोगी पडलं. परत आले तर रजिस्ट्रीच्या लेखी ती अडीच वर्षं शून्य. रडले, आणि पुन्हा परीक्षेला बसले. तुला भारतात जास्त राहावं लागलं तर तारीख आधी मोजून ठेव.

ओळखीच्या घरी आजोबांना सांभाळून रोख पैसे घेण्याचं काम लगेच मिळेल, पण त्याची नोंद नसते. पगाराच्या पावत्या फाइलला लाव. पत्ता बदलला की रजिस्ट्रीला कळव. नर्सिंग होमला वर्षाला 12 तासांचं इन-सर्व्हिस, म्हणजे नोकरीत असतानाचं प्रशिक्षण, द्यावं लागतं, त्याच्या तारखा स्वतःच्या वहीतही लिही. स्मृतिभ्रंशाच्या रेसिडेंटवरचा वर्ग मात्र कधी चुकवू नकोस. संध्याकाळ झाली की घरी जायचं म्हणून दाराशी येणाऱ्या माणसाशी कसं बोलावं, हे तिथे शिकशील.

एका गोष्टीत मी कडक आहे. रजिस्ट्रीवर गैरवर्तनाची नोंदही होते, आणि छळाची नोंद झाली की नर्सिंग होमचं दार कायमचं बंद होतं. म्हणून कामावर फोन कपाटात ठेव. वाढदिवसाची टोपी घातलेल्या आजींचा फोटो कितीही गोड असला तरी काढायचा नाही. न दिलेली आंघोळ दिली म्हणून लिहायचं नाही. अंगावर नवा काळानिळा डाग दिसला तर त्याच शिफ्टला चार्ज नर्सला, म्हणजे त्या पाळीच्या प्रमुख नर्सला, सांग, मग तो कुणाच्याही हातून झालेला असो.

रविवारी दुपारी ये. मी पलंगावर पडते, डावा हात लुळा आहे असं धर, आणि मला स्वेटर घाल. आधी कुठली बाही, ते मी सांगणार नाही.

तुझी,
मावशी