दहाव्याला हसलो, आता भाषण कसं करू?

"ताई, मी 54 वर्षांचा, चिंचवडचा. तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरायचो, सोबत माझा जिगरी दोस्त. तो गेल्या वर्षी झोपेतच गेला. दहाव्याला कावळा शिवेना, तासभर सगळे ताटकळत उभे, आणि मी शेजारच्याला हळूच म्हणालो, 'स्टार्टला कधी वेळेवर आला नाही, आता कावळ्यालाही लेट करतोय.' आणि मला हसू फुटलं. त्याच्या मोठ्या भावाने बघितलं, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आता वर्षश्राद्धानंतर छोटा कार्यक्रम आहे, वहिनी म्हणतात तुम्हीच बोला. मला फक्त त्याचे जोक आठवतात. सोबत भाषण जोडलंय, ठीक आहे का बघा. सायकल तेव्हापासून हातात घेतली नाही."

दादा, भाषण वाचलं. खरं सांगू का, फाडून टाका. 'हसतमुख व्यक्तिमत्त्व', 'सर्वांना हवाहवासा', अहो हे तर चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर असतं, यात तुमचा दोस्त कुठे आहे? तो तुमच्या मूळ पत्रात आहे (वर त्यातला थोडाच भाग छापलाय), चार पानं भरून, आणि मी ती वाचताना ऑफिसात एकटीच हसत होते आणि समोरची मुलगी विचारत होती काय झालं म्हणून.

बोरघाट चढताना शिंगरोबाच्या देवळापाशी चालत्या सायकलवरून एक रुपया टाकायचा आणि ओरडायचा, "देवा, पुढच्याची हवा काढ!" पुढे तुम्ही. आणि एकदा दोनच वळणं गेल्यावर पंक्चर झाली ती त्याचीच, तर रस्त्याच्या कडेला चाक हातात धरून देवळाकडे बघत म्हणतो, "अहो, पुढच्याची म्हणालो होतो!" (शिंगरोबा म्हणजे इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर, बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं तर गोळी मिळाली अशी गोष्ट सांगतात. त्याच्याकडे असलं मागणं मागायला वेगळंच काळीज लागतं.) खंडाळ्याला पहिला पोचणारा घाटाचा राजा, आणि हा दमून मागून येत म्हणायचा, राजाला प्रजा नको का. आणि एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनात घाटातला तो 1830 सालचा अमृतांजन पूल पाडला, सगळे ग्रुपवर हळहळतायत आणि याचा मेसेज काय, "आता गुडघ्याला काय चोळायचं?"

हेच बोला.

पण एक गोष्ट तुम्ही दीड ओळीत उरकलीत ती मला खटकली. खोपोलीच्या अलीकडे तुम्ही पडलात, कॉलरबोन गेलं, आणि "तो थांबला होता." बस्स? म्हणजे बघा, वर्षभर पहाटे उठून प्रॅक्टिस केलेला माणूस, त्या वर्षी पाय चांगले चाललेत हे तुम्हीच लिहिलंय, तो सायकल टाकून तुमच्या शेजारी मातीत बसला आणि टेम्पो येईपर्यंत, "रडू नको रे, लोकांना वाटेल मीच ढकललं." त्याची रेस तिथेच संपली. हे तुम्ही त्याला कधी बोलून दाखवलंत का? माझा अंदाज आहे, नाही. म्हणून दीड ओळ. तर त्या दिवशी हे सावकाश सांगा, माती, ऊन, मागून जाणाऱ्या सायकलींचा आवाज, सगळं. घसा दाटला तर दाटू दे, पाणी प्या, पुढचा जोक सांगा.

आता भाऊ. इथे मी तुमच्या बाजूने नाही हां. हसलात त्यात पाप नाही, तो असता तर पहिला तोच हसला असता. पण पिंडापुढे उभा असलेला तो भाऊ तेव्हा काय विचार करत असेल? याची काय इच्छा राहिली, मी काय कमी केलं, कोणाचं नाव घेऊ म्हणजे कावळा शिवेल. नेमक्या त्याच मिनिटाला त्याला मागून हसू ऐकू आलं. तर कार्यक्रमाच्या आधी घरी जा, फोनवर नको. हसलो त्याची माफी मागू नका, चुकीच्या वेळी हसलो त्याची मागा, आणि काय म्हणालो होतो तेही सांगून टाका. कदाचित तोही हसेल. नाही हसला तर चहा घ्या आणि या, वर्षभराचा अबोला एका चहात जातोच असं नाही.

वहिनींना किस्से आधी ऐकवा, स्वयंपाकघरात बसून, चारचौघांत पहिल्यांदा नको. त्यांना नको असतील ते गाळा. त्यांच्याकडे तुम्हाला माहीत नसलेले दोनचार निघतील, ते मागून घ्या. आणि त्याच्या जाडेपणावरचे जोक फक्त त्यानेच करायचे होते, ते तुम्ही करू नका.

सायकलचं म्हणाल तर मी घाई करणार नाही. कधी काढावीशी वाटलीच तर खिशात एक रुपया ठेवा, पण निघताना दोन्ही चाकांची हवा नीट बघा, त्याचा तो अर्ज देवाकडे अजून पेंडिंग असणार.