पावडर वाढवली तरी कपडे कळकटच का?

प्रश्न : ताई नमस्कार, दीड वर्षापूर्वी आम्ही वाघोलीला राहायला आलो, आधी पेठेत होतो तेव्हा कपड्यांचा कधीच प्रॉब्लेम नव्हता. इथे सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. नवीन फ्रंट लोड मशीन घेतलंय, तरी टॉवेल पापडासारखे कडक होतात, मिस्टरांचे पांढरे शर्ट राखाडी पडलेत आणि काळ्या कुर्त्यावर पांढरे पट्टे दिसतात. आधी एक माप पावडर टाकायचे, आता अडीच टाकते. सासूबाई म्हणतात गरम पाण्याशिवाय मळ निघत नाही, म्हणून सगळंच ६० वर लावते, तर मुलीच्या युनिफॉर्मवरचे डाग उलट पक्के बसले. नेमकं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि पहिली गोष्ट मनात आली ती म्हणजे हे अडीच माप. कपडे स्वच्छ निघत नाहीत म्हटल्यावर आपला सगळ्यांचाच हात आधी पावडरच्या डब्याकडे जातो, आणि तिथेच गाडं अडतं. आज एक करून बघा, धुतलेले दोन-तीन टॉवेल मशीनमध्ये टाका, पावडर अजिबात नको, ४० वर नुसत्या पाण्यात फिरवा आणि दहा मिनिटांनी काचेतून बघा. फेस दिसला तर तो आधीच्या धुण्यातला आहे, म्हणजे तुमच्या टॉवेलमध्ये पावडर अडकून बसलीये. ती निघाली नाही की तिच्यावर मळ पण चिकटतो, म्हणून शर्ट राखाडी आणि काळ्या कपड्यांवर पट्टे.

आता पाण्याचं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यालाच आपण जड पाणी म्हणतो, ज्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही ना तेच हे पाणी. घरच्या घरी बघायचं असेल तर बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात साध्या अंगाच्या साबणाचा छोटा तुकडा टाका (डिटर्जंट नको, त्याने कळणार नाही) आणि जोरात हलवा, फेस न येता पाणी दुधाळ झालं की पाणी जड आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत बरा धरलाय आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढून बोअर आणि टँकर दोन्हीच्या पाण्याचा रिपोर्ट मागाच, तो आकडा समोर असला की अंदाजपंचे कारभार थांबतो.

जड पाण्यात डिटर्जंटचा काही भाग त्या क्षारांशीच झुंजण्यात जातो हे खरंय, त्यामुळे मऊ पाण्यापेक्षा थोडी जास्त पावडर लागते, पाकिटावर पण तसं लिहिलेलं असतं. पण थोडी म्हणजे अडीचपट नाही. क्षारांसाठी डिटर्जंट खर्च करण्यापेक्षा एक-दोन चमचे धुण्याचा सोडा टाका, स्वस्त असतो आणि क्षार तोच बाजूला करतो. फक्त लोकरी आणि रेशमी कपड्यांना सोडा लावू नका, खायचा सोडा वेगळा, तो नको, आणि हाताने धुणार असाल तर ग्लोव्हज घाला.

फ्रंट लोडला तर जास्त पावडर अजूनच घातक. त्या मशीनमध्ये पाणी कमी असतं, कपडे वर उचलून खाली आपटतात म्हणून मळ निघतो, आपल्या आज्या नदीवर दगडावर आपटायच्या तेच काम. फेस जास्त झाला की तो गादीसारखा मध्ये येतो, कपडे आपटतच नाहीत आणि खंगाळताना फेसही पुरता जात नाही. म्हणून फ्रंट लोडचीच कमी फेसाची पावडर किंवा लिक्विड वापरा, बादलीतली पावडर यात नको. ड्रम पण गच्च भरू नका, वरून आडवा हात आत जाईल एवढी जागा ठेवा.

साचलेलं काढायला पुढचे दोन-तीन आठवडे टॉवेल-चादरी ६० वर, पावडरशिवाय, चमचाभर सोडा घालून धुवा आणि खंगाळायची एक फेरी जास्तीची लावा. फेस यायचा थांबला की पाकिटावरच्या मापावर या. कोणी व्हिनेगर सुचवेल, अधूनमधून चालतं, पण ब्लीच वापरलं असेल त्या पाण्यात व्हिनेगर कधीही नको, क्लोरीनचा विषारी वायू निघतो, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं त्यांच्या वेळेला अगदी बरोबर होतं, वडीचा साबण, सुती धोतरं-पातळं आणि बंबातलं कढत पाणी, साबणाला ते गरम पाणी लागायचंच. आजच्या बऱ्याच पावडरींमध्ये एन्झाइम, म्हणजे डाग फोडणारे घटक, असतात, ते ३० ते ५० अंशांत छान काम करतात आणि उकळतं पाणी ओतलं की बाद होतात. शिवाय युनिफॉर्मवरचे डाग बहुतेक डब्यातले असणार, दूध, अंडं, डाळ, नाहीतर गुडघा फुटून लागलेलं रक्त. ही सगळी प्रथिनं. अंडं गरम पाण्यात कसं घट्ट होतं तसाच डाग धाग्यात घट्ट बसतो. असे डाग आधी गार पाण्यात अर्धा तास भिजवायचे, मग डिटर्जंट लावून ४० वर. रोजच्या कपड्यांना ३०-४० पुरतं, गडद रंगाचे ३० वर. ६० ठेवा चादरी, अभ्रे, टॉवेल आणि आजारी माणसाच्या कपड्यांसाठी. घरात कुणाला धुळीची अॅलर्जी असेल तर नक्कीच, कारण चादरी-अभ्र्यांतले धुळीचे बारीक किडे ६० ला मरतात. लाइटबिलाचाही फरक आहे, १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला ०.६ युनिट लागतं आणि ४० पर्यंत पाव युनिट, रोजच्या रोज धुणं असेल तर हे जमत जातं.

प्रश्न : माझ्याकडे साधं टॉप लोड आहे, पाणी गरम करायची सोय नाही. थंडीत काळ्या पँटवर पावडरचे ठिपके राहतात.

उत्तर : गार पाण्यात पावडर पूर्ण विरघळत नाही. मगभर कोमट पाण्यात आधी विरघळवून घ्या आणि मगच कपडे घाला, नाहीतर थंडीपुरतं लिक्विड वापरा. खिशात आणि शिवणीत पावडर अडकते म्हणून पँट उलटी करून टाका.

प्रश्न : भावाच्या हळदीला पांढऱ्या झब्ब्यावर हळद पडली. साबण लावला तर डाग लालभडक झाला! कापड खराब झालं का?

उत्तर : नाही हो, घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, खारात (अल्कलीत, आंबटाच्या उलट) लाल होतं, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. साबण, सोडा दोन्ही खारे, म्हणून लाल दिसलं. भरपूर पाण्याने खंगाळा, परत पिवळा होईल. मग डिटर्जंटने हलकं चोळून धुवा आणि ओला असतानाच कडक उन्हात टाका. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही, एका दिवसात बराच फिका पडतो, नाही गेला तर दुसऱ्या दिवशी परत ओला करून उन्हात. तोपर्यंत इस्त्री मात्र फिरवू नका.