लोत्रेकच्या वह्यांतली सुटी पानं

फ्रेंच चित्रकार आन्री द तुलूझ-लोत्रेकच्या पोरवयातल्या रेखाटनवह्यांबद्दल तेच ते प्रश्न सतत येतात, म्हणून उत्तरं एकत्र देत आहे.

प्रश्न: पाय मोडून अंथरुणाला खिळल्यावर तो चित्रं काढू लागला ना?

उत्तर: नाही. मांडीचं हाड पहिल्यांदा मोडलं १८७८ मध्ये. घोडे, कुत्री, घरची माणसं तो त्याआधीपासून काढत होता.

प्रश्न: घोड्यांची एवढी जाण कुठून आली?

उत्तर: घरातून. वडील पट्टीचे घोडेस्वार आणि शिकारी. पहिला गुरू रेने प्रँस्तो हाही घोड्यांचाच चित्रकार.

प्रश्न: भावाने पॅरिसमध्ये घोड्याच्या रेखाटनाचं सुटं पान पाहिलं. त्यावर लाल शिक्का आहे. विक्रेता म्हणतो, शिक्का म्हणजे खात्री. घ्यावं का?

उत्तर: इतक्यात पैसे देऊ नका. आद्याक्षरांचा तो लाल शिक्का १९०१ मध्ये लोत्रेक गेल्यानंतर मागे राहिलेल्या कामांवर मारला गेला, आणि खोटा शिक्का बनवणं कठीण नाही. पण माझी खरी तक्रार वही फाडणाऱ्यांबद्दल आहे. वही एकदाच विकता येते, पानं मात्र एकेक करून. म्हणून हा उद्योग चालतो. वहीत एका पानावर घोड्याचा नुसता मागचा पाय असतो, पुढच्या पानावर तोच पाय पुन्हा, मग अख्खा घोडा, मध्येच कुणाचं तरी नाक. पोरगा शिकतो कसा, ते या क्रमातच दिसतं. शिवाय मऊ पेन्सिलीची पुसट छाप समोरच्या पानावर उतरते, शिवणीची भोकं जुळतात. अस्सलपणाचे हे साक्षीदार पान उपटताच जातात, आणि मग उरतो शिक्का! पान आजवर कुणाकुणाकडे होतं, याची कागदपत्रं मागा. ती आली, तरी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाला मूळ पान दाखवा. फोटोवरून मी मत देणार नाही.

प्रश्न: आजोबांच्या चित्रवहीची पानं सुटत आहेत. लॅमिनेशन करू का?

उत्तर: अजिबात नको, चिकटपट्टीही नको. पानांचा क्रम न बदलता वही सपाट ठेवा आणि कागद-संवर्धकाला दाखवा. पावसाळ्याची वाट पाहू नका.

प्रश्न: लोत्रेकची रेखाटनं कुठे पाहायला मिळतील?

उत्तर: फ्रान्समध्ये आल्बीला, त्याच्या जन्मगावच्या संग्रहालयात. मात्र उजेडाने कागद खराब होतो, म्हणून रेखाटनं कायम मांडून ठेवत नाहीत. तिकीट काढण्याआधी संग्रहालयाला विचारा.