पाळणाघराचे पैसे मागताना जीभ अडखळते?

“ताई, लेकराला जीव लावायचा आणि त्याचेच पैसे मागायचे? लोक काय म्हणतील?” घरी पाळणाघर चालवणाऱ्या, कुणाच्या घरी बाळ सांभाळायला जाणाऱ्या बायका मला हे नेहमी विचारतात. भुसावळच्या एक बाई आल्या त्या मात्र झोप लागत नाही, चिडचिड होते म्हणून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांच्याकडे रेल्वेतल्या घरांची मुलं जास्त. बाळंतपणाची १८० दिवसांची रजा संपली की आई बाळाला त्यांच्याकडे सोपवून ड्यूटीवर जाते. अशाच एका घरचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते. वडील लोको पायलट, आईचीही शिफ्ट. सहाची वेळ ठरलेली, न्यायला आठ वाजत. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई लेकरासह माहेरी गेली की तेवढ्या दिवसांचे पैसे कापले जात. बाई गप्प. “शेजारचेच आहेत, मावशी म्हणतात मला.”

मग एकदा मान खाली घालून म्हणाल्या, “खिचडी त्यालाच शेवटी भरवते मी. मुद्दाम नाही हो, पण होतं तसं.” दीड वर्षाचं पोर रिकाम्या वाटीवर चमचा आपटत बसलेलं, आणि बाई आधी बाकीच्यांना भरवणार! सांगताना त्यांचे डोळे भरून आले. दुखणं इथेच होतं. आईबापाकडे न मागितलेल्या पैशांचा राग लेकरावर निघत होता. म्हणून मी ठामपणे सांगते, माया टिकवायची असेल तर बिल द्याच.

आम्ही बोलण्याचा सराव केला. मी बाळाची आई झाले. “तुम्हाला जमलं तर, म्हणजे घाई नाही…” त्यांनी सुरुवात केली. मी थांबवलं. एवढंच म्हणा: “मागचे दोन महिने बाकी आहेत, पाच तारखेपर्यंत द्या.” आणि मग गप्प बसा. समोरचा गप्प झाला की आपणच घाबरून “राहू द्या” म्हणतो. ते तोंडातून निघता कामा नये. हे जमायला त्यांना बराच वेळ लागला.

सोबत एक कागद केला. महिन्याचे पैसे आगाऊ. लेकरू आलं नाही तरी पूर्ण, कारण त्याची जागा राखलेली असते, दुसरं मूल घेता येत नाही. बाईंनी स्वतः सुट्टी घेतली तर तेवढे कमी. सहानंतर तासाचा दर वेगळा, पण गाडी लेट असल्याचा फोन आधी आला तर पहिला अर्धा तास माफ. दूध-खाऊ कुणाचा, तेही लिहिलं. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, दिवसभर कूलर चालतो, ते वीजबिल दरातच धरलं. पैसे मिळाले की मुलाचं नाव, महिना, रक्कम आणि सही असलेली पावती, फोनवरून आले असले तरीही.

थकबाकी दोन हप्त्यांत आली. दुसऱ्या एका घराने मात्र मूल काढून घेतलं. बाईंना वाईट वाटलं, मलाही. तरी कागद बदलू नका, असंच मी म्हटलं.

राहिला प्रश्न बाईंकडेच येणाऱ्या त्यांच्या जाऊबाईंच्या मुलाचा. त्याचंही बिल पूर्ण दराने करायचं, खाली सवलत किती ते लिहायचं, उरलेले पैसे पाच तारखेलाच घ्यायचे. सगळंच माफ करायचं असेल तर तसं आधीच ठरवून जाऊबाईंना सांगायचं.