हरला की लगेच नालायक कसा?

प्रश्न: अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या बातम्या मी आवडीने वाचते. आदल्या दिवशीपर्यंत जो उमेदवार अनुभवी, अभ्यासू, मुरलेला असतो तोच हरला की दुसऱ्या दिवशी कोरडा, गर्विष्ठ, लोकांपासून तुटलेला ठरतो. एका रात्रीत असं काय होतं?

उत्तर: माणूस तोच असतो हो, फक्त निकाल लागलेला असतो. आणि निकाल एकदा कळला की त्याला साजेशी कारणं शोधायला कुणालाच वेळ लागत नाही, मलाही नाही.

2000 सालचं घ्या. तिथे अध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेवर नाही, तर राज्यवार निकालांवर ठरतो, आणि त्या वर्षी सगळं फ्लोरिडा राज्यावर येऊन अडलं. तिथे जॉर्ज बुश जिंकले ते 537 मतांनी, जवळजवळ 60 लाख मतांमधून. देशभरची बेरीज केली तर हरलेले उमेदवार अल गोर यांनाच पाच लाखांहून जास्त मतं जास्त पडली होती. त्यात पाम बीच काउंटीतली ती मतपत्रिका, नावं दोन्ही बाजूंना आणि भोकं मधल्या पट्टीत, गोर यांचं नाव डावीकडे दुसरं पण भोक मात्र तिसरं, दुसरं भोक होतं समोरच्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन या तिसऱ्याच उमेदवाराचं, त्यामुळे कित्येकांनी गोंधळून भलतीकडेच मत दिलं. पुढे फेरमोजणी सुप्रीम कोर्टाने थांबवली. यात गोर यांच्या स्वभावाचा काय दोष? पण लोकांच्या लक्षात राहिलं काय, तर गोर लाकडासारखे ताठ होते आणि पहिल्या डिबेटमध्ये उसासे टाकत होते! तेवढी मतं इकडची तिकडे झाली असती तर त्याच उसाशांना आपण ‘अभ्यासू माणसाची चिडचिड’ म्हणालो असतो.

हिलरी क्लिंटन यांचंही तेच. 2016 मध्ये प्रायमरीनंतर, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानानंतर, त्या विस्कॉन्सिन राज्यात फिरकल्याच नाहीत, म्हणून गर्विष्ठ, म्हणून हरल्या. बरं, मग पेनसिल्वेनियाचं काय? तिथे तर त्या सारख्या जात होत्या, मतदानाच्या आदल्या रात्री फिलाडेल्फियात ओबामांना घेऊन मोठी सभासुद्धा झाली, तरी ते राज्य गेलंच. ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही कारण ती गोष्टीत बसत नाही.

हॉवर्ड डीनच्या बाबतीत तर क्रमच उलटा लावतात. 2004 मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होते. भर सभेत ते ओरडले आणि संपले असं म्हणतात, पण ते ओरडले तेव्हा आयोवा राज्यातल्या पक्षाच्या मतदानात तिसरे येऊन मोकळे झाले होते.

आता प्रत्येक पराभव असा थोडक्यातला नसतो हेही खरं. 1984 मध्ये वॉल्टर माँडेल तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांच्याविरुद्ध 50 पैकी 49 राज्यं हरले, तिथे कुठल्या मतपत्रिकेला दोष देणार? पण पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं की कर वाढवावे लागतील, रेगनही वाढवतील, फक्त ते तुम्हाला सांगणार नाहीत. हरले म्हणून तो अडाणीपणा, जिंकले असते तर तोच बाणेदारपणा.

आणि आपण मतं बदलतो एवढंच नाही, आठवणीही बदलतो बरं का. 1960 मध्ये केनेडींना निम्म्याहूनही किंचित कमी मतं मिळाली होती. 1963 मध्ये त्यांची हत्या झाल्यावर सर्वेक्षणांत ‘मी केनेडींनाच मत दिलं होतं’ म्हणणारे त्याहून कितीतरी जास्त निघाले! खोटं बोलत होते असं मला वाटत नाही, बहुतेकांना तसंच आठवत असणार.

प्रश्न: मग हरलेल्याची इमेज कधीच सुधारत नाही का?

उत्तर: सुधारते, पण अर्धवट. जिमी कार्टर 1980 मध्ये रेगनकडून दणकून हरले, नंतरच्या कामाबद्दल 2002 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, लोक आदराने बोलायला लागले. तरी वाक्य काय रूढ झालं, तर ‘माणूस चांगला, अध्यक्ष कमजोर’. 1978 मध्ये इजिप्त आणि इस्रायलला कॅम्प डेव्हिडला एकत्र बसवून समझोता घडवला तोही ह्याच कमजोर माणसाने. ते दुसऱ्यांदा निवडून आले असते तर त्यांची ओळख तिथूनच सुरू झाली असती.