आधी फोटो पोचवा

पत्र:

ताई, मी पाटण तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६२. पुतण्याच्या मुलीला कुणबी दाखला हवा होता, म्हणून जुन्या नोंदी शोधायला लागलो. कोतवाल बुक (गावाची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही), शाळेचं जनरल रजिस्टर, मोडीतले फेरफार, सगळं पालथं घातलं. नोंद मिळाली, पण नाद सुटला नाही. आता सात पिढ्यांच्या वंशावळीचं छोटं पुस्तक छापतोय. पहिल्या पानावर आमच्या माजघरातला आजोबांचा फोटो घेतलाय, स्कॅन करून छापखान्यात दिलासुद्धा.

त्याच कामासाठी नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांकडं गेलो. १९५८ साली आजोबा पणजीच्या अस्थी घेऊन तिथं गेले होते. त्यांनी तेव्हा उपाध्यायांच्या वहीत घातलेल्या नावांत मुलगे पाच. आम्हाला माहीत तीनच. पुढं १९७१ साली आजोबांच्या अस्थी घेऊन जो आला, तो यातला चौथा. त्यानंही पाचही नावं घातलीत.

आजोबा गिरणीत होते. १९४४ साली मुंबईत त्यांनी खानावळ चालवणाऱ्या एका बाईशी दुसरं लग्न केलं होतं, हे आम्हाला आता कळलं. पाचवे चुलते वारले. चौथे कल्याणला असतात, वय ७८. फोनवर चांगलं बोलले. आजोबांचा मृत्यूचा दाखला आमच्याकडं नव्हता, जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे, वारस नोंद अडली होती. यांनी तो दाखला त्याच दिवशी नातवाकरवी व्हॉट्सॲपवर पाठवला, गिरणीचा पासही पाठवला. दादांचा, म्हणजे आजोबांचा, एखादा फोटो आहे का विचारत होते, त्यांच्याकडचा २६ जुलैच्या पाण्यात गेला. बघतो म्हणालो. त्याला चार महिने झाले.

आता चुलतभाऊ म्हणतात, नावं घातलीस तर जमिनीत हिस्सा मागतील, आणि कोण कुठली खानावळवाली ती. आजीलाही हे आवडलं नसतं. ती १९८९ ला गेली. मी वंशावळीत नावं घालू की नको?

– पाटणहून एक वाचक

उत्तर:

गुरुजी,

फोटो स्कॅन करून छापखान्यात दिलाय, हे तुम्ही पत्राच्या सुरुवातीला लिहिलंत. काकांनी फोटो मागितला आणि तुम्ही ‘बघतो’ म्हणालात, हे पुढे जाता जाता लिहिलंत. दोन्ही वाक्यं तुमचीच आहेत, आणि ती एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत असं तुम्हाला वाटलंच नाही, याचं मला वाईट वाटलं. रागही आला.

बघायचं काय होतं? फोटो घरात आहे. स्कॅन झालेला आहे. तुमच्या मोबाइलमध्येही असणार. छापखान्याला द्यायला जेवढे कष्ट पडले त्याहून कमी कष्टांत तो कल्याणला गेला असता. तुम्ही मागितलेला दाखला काकांनी संध्याकाळ व्हायच्या आत पाठवला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जुनी ट्रंक उघडायची, कागद शोधायचे, नातवाला बसवून त्यांचे फोटो काढून घ्यायचे, हे सगळं त्यांनी कुणासाठी केलं? ज्यांनी पन्नास वर्षं त्यांची चौकशी केली नाही त्या घरासाठी. पास तर तुम्ही मागितलाही नव्हता, तो त्यांनी आपणहून दिला. आणि इतकं देऊन झाल्यावर एकच गोष्ट मागितली, तीही ‘एखादा आहे का’ अशा शब्दांत.

२६ जुलै २००५ ला वीस वर्षं झाली. इतकी वर्षं या माणसाने वडिलांचा चेहरा पाहिलेला नाही, आठवणीतला सोडून. म्हातारपणी आठवणीतले चेहरे पुसट होतात. पितृपक्षात पान वाढायचं आणि समोर ठेवायला फोटो नाही, हे त्यांच्या घरात दर वर्षी होत असेल. तुमच्या माजघरात त्याच फोटोला हार असतो.

तुम्ही नाद लागल्याचं लिहिलंय. त्या नादाचं मला कौतुक आहे. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून गावोगावी तहसिलातले रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची कापडात बांधलेली दप्तरं, सुटले, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, आणि दाखल्यासाठी गेलेली माणसं आजे-पणजे शोधत बसली. मला येणाऱ्या पत्रांतही हा विषय वाढलाय. चांगलं आहे. पण तुमच्या शोधात एक जिवंत माणूस सापडला आणि तुम्ही त्याच्याकडूनही कागदच घेतलेत. कोतवाल बुकाला परत काही द्यावं लागत नाही. माणसाला द्यावं लागतं.

आता तुमचा प्रश्न. त्याला फार जागा देणार नाही, कारण उत्तर तुम्हाला माहीत आहे. १९७१ साली काका चोवीस वर्षांचे होते. बापाच्या अस्थी घेऊन नाशिकला गेले आणि तिथे उपाध्यायांपुढे बसून त्यांनी तुमच्या वडिलांचं आणि त्यांच्या दोन भावांचं नाव घातलं. ज्यांना कदाचित कधी डोळ्यांनी पाहिलंही नसेल, त्यांना त्यांनी बापाच्या पोटी लिहिलं. तुम्ही ६२ व्या वर्षी विचारताय, त्यांचं नाव घालू की नको. घाला. पाचव्याचंही घाला, आणि त्यांच्या आईचंही.

जमिनीची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण ती भीती चुलतभावांना वाटते तशी नावं लपवल्याने टळत नाही. १९४४ साली मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला कायद्याची बंदी नव्हती. ती बंदी १९४६ च्या कायद्याने आली, आणि पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. लग्न रीतीप्रमाणे लागलेलं असेल तर काका तुमच्या वडिलांच्या बरोबरीचे वारस आहेत. ते लग्न अवैध धरलं असतं, तरी अशा लग्नाच्या मुलांचा आईबापाच्या वाट्यातला हक्क सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मान्य केला आहे. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर देता तेव्हा ती शपथेवर असते. माहीत असलेला वारस गाळून सही केलीत तर तो गुन्हा होतो. आणि कायदा बाजूला ठेवू. वारस नोंद अडली होती ती काकांनी पाठवलेल्या दाखल्याने सुटणार. त्याच दाखल्याच्या आधाराने त्यांनाच वगळायचं? असं काम तुमच्या हातून होऊ नये. कराडला एखादा चांगला वकील गाठा आणि सगळं उघडपणे सांगून सल्ला घ्या. काकांना हिस्सा हवा की नको, हे त्यांनी ठरवायचं. अजून तरी त्यांनी तुमच्याकडे जमीन मागितलेली नाही.

आजीबद्दल मी लिहिणार नाही. तिने काय सोसलं ते तिलाच ठाऊक होतं, आणि तिला जाऊन छत्तीस वर्षं झाली. तिच्या नावाने आज कुणाला फोटो नाकारू नका, एवढंच.

खानावळवाल्या बाईंबद्दल मात्र लिहिते, कारण तुमच्या चुलतभावांनी ते शिवीसारखं वापरलंय आणि तुम्ही ते जसंच्या तसं मला कळवलंत. गिरणगावात घाटावरचे आणि कोकणातले हजारो गडी एकटे राहत. एका खोलीत वीस-वीस जण, पाळीप्रमाणे झोपणारे. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या या बाया होत्या. पगार झाला की हिशेब, संप लागला की उधारी, आणि उधारीतही ताट थांबायचं नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्याबरोबर याच बायांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तुमचे आजोबा गावी मनिऑर्डर पाठवायचे, त्यावर तुमचे वडील वाढले, शिकले. त्या आजोबांना रोज जेवू घालणारी ती बाई होती. तिच्याबद्दल तुमच्या घरात कुणी असं बोलू लागलं तर गप्प राहू नका.

आणखी एक सांगते, कारण तुम्ही अभ्यासू आहात. गिरणी कामगाराच्या गावाकडच्या मुलांना बाप वर्षातून दोनदा-तीनदा भेटायचा. यात्रेला, सणाला, मे महिन्यात. कडक इस्त्रीचे कपडे, हातात खाऊ, आणि चार दिवसांनी परत. तुमच्या वडिलांना त्यांचे वडील तेवढेच माहीत होते. पाळीवरून आलेला, कापसाच्या तुसाने खोकणारा, रात्रपाळीला जाताना चिडचिड करणारा, पगाराच्या दिवशी भजी आणणारा माणूस काकांनी रोज पाहिला असणार. तुमच्या सात पिढ्यांत हे कुठेच नाही, आणि कोणत्याही रुमालात ते सापडणार नाही. ते सांगणारा आता एकच माणूस उरलाय. पण हे त्यांना पहिल्याच भेटीत विचारू नका. पुन्हा काहीतरी मागायलाच आलात असं होईल.

तर काय करायचं ते सांगते. व्हॉट्सॲपवर फोटो आज पाठवा, हे वाचून झाल्यावर लगेच. चार महिने लागले त्याबद्दल माफी मागा, कारणं देऊ नका. पण तेवढ्यावर थांबू नका. छापखान्यातली फाइल घेऊन तालुक्याला स्टुडिओत जा, चांगल्या कागदावर मोठी प्रत काढा, जशी तुमच्या माजघरात आहे तेवढी. फ्रेम करून घ्या. मागच्या बाजूला आजोबांचं पूर्ण नाव, गाव आणि गेल्याची तारीख लिहा; तारीख काकांनीच पाठवलेल्या दाखल्यावर आहे. पाचव्या काकांची मुलंबाळं असतील तर त्यांच्यासाठी दुसरी प्रत काढा. कुरिअरने पाठवू नका. कराडहून कोयना एक्स्प्रेस कल्याणला थांबते. स्वतः जा, वहिनींना बरोबर घ्या. पाया पडा, काका म्हणा.

पिशवीत वंशावळीचा कागद नको. संमतिपत्र नको, वारस नोंदीचा अर्ज नको, सही घ्यायची कसलीही गोष्ट नको. त्यांनी स्वतःहून जमिनीचा विषय काढला तर म्हणा, त्यासाठी पुन्हा येईन, आणि खरंच पुन्हा जा.

पुस्तकाची छपाई तोवर थांबवा. चुलतभावांना कल्याणहून परत आल्यावर सांगा, आधी नाही.